माझ्या उपवासांची खरी हकीकत

आमच्या गावात मी धार्मिक माणूस म्हणून प्रसिद्ध झालो, त्याचं सगळं श्रेय माझ्या मोठ्या आतड्याला जातं. हे आता उघडपणे सांगायला हरकत नाही, कारण ते साऱ्या गावाला कळून चुकलंय. पण त्याआधी बारा वर्षं मी ही गोष्ट इतक्या काळजीनं लपवली, की तेवढी काळजी मी माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेचीही घेतलेली नाही.

गाव मिरज तालुक्यातलं. आम्ही जैन, पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे. मी मात्र शेती वाट्यानं लावून कुपवाडला एक छोटं वर्कशॉप टाकलंय, पाण्याच्या पंपाचे सुटे भाग करतो. चौतिसाव्या वर्षी एके सकाळी संडासात रक्त दिसलं. मी ते मूळव्याधीच्या खात्यावर टाकून मोकळा झालो, कारण आमच्याकडं त्या भागाच्या कुठल्याही तक्रारीला दुसरं नावच नाही. दोन महिने असेच गेले. दिवसातून दहा-दहा वेळा पळायला लागलो, पट्ट्याला नवी भोकं पाडायची वेळ आली, तेव्हा बायकोनं धरून मिरजेला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दुर्बीण घालून तपासलं आणि आजाराचं नाव सांगितलं, अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सुजतं, त्यावर जखमा होतात, रक्त पडतं. गोळ्यांनी आटोक्यात राहतं, मुळापासून जात नाही. माझं तर आतडं या टोकापासून त्या टोकापर्यंत सुजलेलं निघालं.

घरी सांगितलं, पित्त झालंय. आमच्या घरात डोकं, गुडघे, पित्त आणि खोकला एवढ्यावर जेवताना मोकळेपणानं बोलता येतं. बेंबीच्या खाली कुणाला काही होत नाही, असा आमचा समज आहे. शिवाय आईला एखादी गोष्ट कळली की संध्याकाळपर्यंत ती गल्लीला कळते, आणि माझ्या संडासाची चर्चा गल्लीत व्हावी एवढा मी उदार नाही. मी मुळात तापट माणूस. कुणी काळजीनं विचारलं, तरी मला ते चौकशी लावल्यासारखं वाटतं. तेव्हा माहिती फक्त बायकोला होती. ती शाळेत शिक्षिका आहे, गप्प बसवण्यात आणि गप्प बसण्यात दोन्हींत तयार.

या आजारानं मला भूगोल शिकवला. साताऱ्याच्या एका कारखान्याचं काम माझ्याकडं होतं, म्हणून महिन्यातून दोनदा तिकडं जाणं व्हायचं. सांगलीपासून साताऱ्यापर्यंत कुठल्या पेट्रोल पंपावरच्या संडासाला कडी आहे, कुठं पाणी आहे आणि कुठं दोन्ही नाही, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. उंब्रजजवळच्या एका हॉटेलवाल्यानं तर माझा धसका घेतला होता. मी यायचो, चहा सांगायचो आणि चहा यायच्या आत दिसेनासा व्हायचो. पंधरा मिनिटांनी प्रसन्न चेहऱ्यानं येऊन गार चहा प्यायचो. तो मला वेडा समजत असावा. वेडा चालेल, पण आजार कळायला नको, हे माझं धोरण होतं.

गोळ्या लागू पडल्या. रक्त थांबलं, पळापळ थांबली. चार-पाच वर्षांत तर मी विसरूनच गेलो की मला काही झालंय. आठ वर्षं झाली आणि डॉक्टर म्हणाले, आता इथून पुढं ठरावीक काळानं दुर्बिणीनं आतून बघत राहायचं. मी म्हणालो, मला तर काहीच होत नाही. ते म्हणाले, कॅन्सरसाठी बघायचं.

 त्यांनी शांतपणे समजावलं. अस्तर सुजतं, झडतं, शरीर ते भरून काढतं, परत सुजतं, परत भरून काढतं. इतकी वर्षं घाईघाईनं नव्या पेशी तयार करताना एखादीची घडण चुकते, आणि ती चुकलेली पेशी वाढत बसू शकते. सगळ्यांनाच होतं असं नाही, बहुतेकांना होतही नाही. पण जितकी वर्षं जास्त, जितकं जास्त आतडं सुजलेलं आणि जितकी सूज आत धुमसत राहिलेली, तितका धोका वाढतो. बाहेरून बरं वाटतंय म्हणजे आत सगळं शांत आहे असं नसतं. बिघाड सुरुवातीला गाठीसारखा दिसतोच असंही नाही, म्हणून जागोजागचे बारीक तुकडे काढून तपासायचे. लवकर सापडलं तर निभावतं.

हे मला माझ्या भाषेत कळलं. पंपाचा शाफ्ट झिजला की आम्ही त्यावर वेल्डिंगचा थर चढवतो आणि लेथवर कापून परत मापात आणतो. एकदा ठीक, दोनदा ठीक. तीच जागा दहा वेळा भरली, तर ती कधी चीर धरेल सांगता येत नाही. मी हे डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, साधारण तसंच. मी गिऱ्हाइकाला असला शाफ्ट टाकून द्यायला सांगतो, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

आता तपासणी म्हणजे आदल्या दिवशी जेवायचं नाही. नुसतं पाणी, नारळपाणी असलं प्यायचं आणि दोन लिटर पाण्यात कालवलेलं औषध थोडं थोडं करून पोटात घालायचं, म्हणजे आतडं धुऊन निघतं. आमच्या घरात माणूस जेवत नाही याची दोनच कारणं असतात. एक तर तो आजारी आहे, नाही तर त्याला उपवास आहे. तिसरं कारण आई मानत नाही. मी काय सांगायचं या विचारात असताना आईच म्हणाली, आज चतुर्दशी, उपवास धरलास व्हय? खरंच चतुर्दशी होती. मी मान हलवली. माझं नारळपाणी, औषध आणि संडास सगळं माडीवरच चाललं होतं, त्यामुळं खाली सगळ्यांना वाटलं, मी वर बसून स्वाध्याय करतोय.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेला जाऊन आलो, काही सापडलं नाही. घरी आलो तर आईनं ही बातमी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, पोचवली होती. संध्याकाळी थोरले आण्णा आले. आण्णा म्हणजे माझ्या वडलांचे मोठे भाऊ, बस्तीचे विश्वस्त. वडील गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द. वय सत्तरच्या पुढं, ताठ, बोलणं मोजकं. प्रत्येक अष्टमी-चतुर्दशीला त्यांचा कडक उपवास, फक्त उकळून गार केलेलं पाणी. गेल्या कित्येक वर्षांत एकही चुकलेला नाही. प्रवचनात मुनिमहाराजसुद्धा त्यांचं उदाहरण देत. त्या आण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. मला चौथीत बक्षीस मिळाल्यावरही त्यांनी एवढं केलं नव्हतं. मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, छाती फुगली.

पुढच्या वर्षी तारीख अशी घेतली की आदला दिवस अष्टमीचा येईल. आता मीच हुशार झालो होतो. त्यानंतरची दोन वर्षं मात्र मी तपासणी टाळली. कामाचा ताण, मशीनची दुरुस्ती, भाचीचं लग्न, कारणं भरपूर होती. खरं कारण एकच. बघितलं नाही म्हणजे ते नसतंच, असं मला वाटायला लागलं होतं. शेवटी बायकोनं परस्पर तारीख घेतली. मी खवळलो. मला काय धाड भरलीय, इतकी वर्षं थेंबभर रक्त नाही, असं बरंच बोललो. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "काय होत न्हाई, म्हणून तर बघायचं."

त्या तारखेत एक घोळ झाला. ती आली भाद्रपदात, ऐन दशलक्षण पर्वात. आमच्याकडं हे दहा दिवस उपवासांचे. कुणी एक धरतं, कुणी तीन, कुणी दहाच्या दहा. जो मोठा उपवास करतो त्याच्या घरी शेवटी भावकी येते आणि एकेक जण त्याला आपल्या हातानं चमचाभर दूध नाही तर मुगाचं पाणी पाजतं. याला पारणं म्हणतात. पाजणाऱ्यालाही पुण्य लागतं, म्हणून कुणी चुकवत नाही.

आणि या वेळी डॉक्टरांनी दोन दिवस आधीपासूनच पालेभाजी, फळं, भाकरी बंद करायला सांगितलेलं. पहिल्या दिवशी मी मेथी नको म्हणालो. दुसऱ्या दिवशी भाकरी सोडून मऊ भात तेवढा खाल्ला, तोही वर नेऊन. तिसऱ्या दिवशी नुसतं पाणी. आईनं हिशेब जुळवला, पोरानं तीन उपवास धरलेत आणि मोठेपणा नको म्हणून सांगत नाही. बस्तीपर्यंत जाईतो तीनाचे पाच झाले.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तपासणीच्या दिवशी मी पहाटे उठून उरलेलं औषध प्यालो. त्याची चव लिंबाची आहे असं पाकिटावर छापलंय, छापणाऱ्यानं लिंबू पाहिलेलं नसावं. आठच्या सुमाराला मी आतून इतका रिकामा झालो होतो की पायऱ्या उतरताना हलका झाल्यासारखा वाटत होतो. खाली आलो तर सोप्यात पंधरा-वीस माणसं. बायका नऊवारीत, पुरुष धोतर-टोपीत, हातात तांब्याची आणि चांदीची फुलपात्रं. मला पाटावर बसवलं. चुलतीनं कुंकवाचा टिळा लावला. कुणी तरी स्तुती म्हणायला सुरुवात केली. मी बायकोकडं पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात पर्स खांद्याला लावून उभी होती, मिरजेला जायला गाडी बाहेर लागली होती.

पहिला मान आण्णांचा. ते समोर बसले, केशर घातलेल्या दुधाचं फुलपात्र उचललं आणि चमचा माझ्या ओठांपाशी आणला.

आता ऐका माझ्या मनात काय आलं. एक चमचा दूध. मग दुसरा कुणी मुगाचं पाणी पाजणार, तिसरा आणखी काही. वीस चमचे होतील. पोटात दूध गेलं की आज तपासणी होणार नाही. डॉक्टर पुढची तारीख देतील, ती मी चुकवीन. बायकोही काही म्हणू शकणार नाही, कारण मी काय करणार, वडीलधारी माणसं पाजत होती. धर्मानं, रीतिरिवाजानं आणि सगळ्या भावकीनं मिळून मला सोडवायचा घाट घातला होता. मी तोंड उघडलंसुद्धा. आणि तेवढ्यात मला कळलं की मी तपासणीला भीत नाही, तिथं काय सापडेल त्याला भितोय, आणि ते जे काही आहे ते या दुधानं जाणार नाही.

"आण्णा, थांबा," मी म्हणालो. "मी उपास केलेला न्हाई. आज मिरजेला दुर्बीण घालून माजं आतडं बघायचं हाय. त्यासाठी पोट धुतलंय. आदीचे उपासबी असलेच हुते."

स्तुती थांबली. मी मग सगळंच सांगून टाकलं, बारा वर्षांचं, रक्ताचं, गोळ्यांचं, कॅन्सरच्या भीतीचं. कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, मग पाच दिवस काय करत हुता? आई भिंतीला टेकून बसली होती. तिचा चेहरा मला बघवेना. तिला गावात खाली बघावं लागणार याचं मला वाईट वाटलं, पण ती एवढंच म्हणाली, मला का न्हाई सांगितलंस रं. याचं उत्तर माझ्याकडं होतं, पण औषधानं नेमकी तीच वेळ साधली. मी टिळ्यासकट पाटावरून उठलो आणि परसातल्या संडासात पळालो.

आत बसलो होतो. बाहेर माणसं पांगल्याचं ऐकू आलं. मग काठी टेकत कुणी तरी दारापाशी आलं.

"किती वर्सं म्हणालास?" आण्णांचा आवाज.

"बारा."

"आणि रगत पडायचं."

"पडायचं. आता गोळीनं थांबलंय."

काठी दोन पावलं लांब गेली. मला वाटलं गेले.

"मला पंचवीस झाली," ते म्हणाले. "उपास धरला की दोन दिवस बरं वाटतं. म्हणून धरत आलो."

आयुष्यातलं सगळ्यात गंभीर बोलणं चाललं होतं आणि मला उठता येत नव्हतं. दाराच्या फटीतून त्यांच्या वहाणा दिसत होत्या. ज्यांच्या उपवासांचे दाखले आम्हाला लहानपणापासून दिले गेले, ते आण्णा पोट शांत राहावं म्हणून उपाशी राहत होते. धर्म होताच, तो खोटा नव्हता, पण त्याच्या आडोशाला हेही होतं. आणि मी काय वेगळं केलं होतं? मी आतूनच म्हणालो, तुम्हीपण गाडीत बसा. ते म्हणाले, कशाला, आता मला पहिल्यासारखं काय होत न्हाई. मी बायकोचं वाक्य त्यांना जसंच्या तसं ऐकवलं. शिक्षिकेचं वाक्य असल्यामुळं असेल, पण ते गाडीत बसले.

माझं ठीक निघालं. एका जागी थोडी सूज होती, गोळी वाढवली. तुकड्यांच्या तपासणीत वाईट काही आलं नाही, पुढच्या वर्षी परत या म्हणाले. आण्णांची तपासणी आठवड्यानं झाली. औषधाचे दोन लिटर त्यांनी पाठ ताठ ठेवून संपवले आणि म्हणाले, ह्यापरास धा उपास बरं. आजार माझाच होता, पंचवीस वर्षं एकाही गोळीशिवाय. आतड्यात वर उजव्या बाजूला कॅन्सरची गाठ होती. डॉक्टरांनी कागदावर आतडं काढून गाठीच्या जागी फुली मारली. चार-पाच वर्षांपूर्वी बघितलं असतं तर बिघाड गाठ व्हायच्या आधीच कळला असता, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं.

मोठं आतडं काढलं. संडासासाठी पोटाला पिशवी आली. ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. चार वर्षांपूर्वी, ते माझ्या खांद्यावर हात ठेवून गेले तेव्हाच मी खरं बोललो असतो, तर ते माझ्यामागून तेव्हाच आले असते. माझी चार वर्षांची अब्रू त्यांना आतड्यानं मोजावी लागली. मी हे त्यांना सांगितलं आणि मला रडू आलं.

ते पिशवीकडं बघत होते. म्हणाले, "तुजं काय चुकलं. तू लग्नात पंगतीतनं उठून पळायचास, तवाच मी वळकलं हुतं. थोरला मी. आदी मी बोलायचं."

मला त्यांचा राग आला. चौतिसाव्या वर्षी संडासात एकटा बसून मी मरणार असं समजत होतो, तेव्हा शेजारच्या घरात हा माणूस सगळं जाणून गप्प होता. आणि त्याच वेळी असं वाटलं की उठून त्यांचे पाय धरावेत. मी दोन्ही केलं नाही. खोलीबाहेर आलो.

माझी मुलगी साताऱ्याला होस्टेलवर राहून शिकते. एकोणीस वर्षांची आहे. हा आजार घराण्यात उतरू शकतो, हे डॉक्टरांनी मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं आणि मी ते तिला आजपर्यंत सांगितलेलं नव्हतं. दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून मी तिला फोन लावला. येणारी-जाणारी माणसं होती, एक नर्स खालून चढत होती. मी जिना दणाणेल अशा आवाजात विचारलं, तुला कधी संडासातून रक्त पडतं का.

पलीकडं ताटवाट्यांचा आवाज येत होता.

"बाबा, मी मेसमध्ये जेवतेय. सगळ्या बसल्यात इथं," ती हळूच म्हणाली.

"जेव सावकाश," मी म्हणालो. "मी फोन ठेवत न्हाई. जेवून झालं की सांग."